जव्हारचा राजवाडा आणि ‘शाह’ हा किताब

राजवाडे म्हटले की आपल्या मुलांना दिल्ली, आग्रा किंवा म्हैसूर आठवते. आपल्याच पालघर जिल्ह्यात एक राजधानी होती, हे वसई-विरारच्या किती मुलांना ठाऊक आहे? म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन आम्ही काही पालक मनोर-विक्रमगडच्या रस्त्याने जव्हारला एक दिवसाची सहल करून आलो.

गावात ‘पतंगशाह कुटीर रुग्णालय’ अशी पाटी दिसताच आठवीतल्या एका मुलीने विचारले, “इथले राजे मुसलमान होते का?” सहलीचा खरा इतिहास या प्रश्नापासून सुरू झाला.

जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळी समाजाचे, म्हणजे आदिवासी. मूळ पुरुष जयबा. त्याची मातीची छोटी गढी थळ घाटाजवळच्या मुकणे येथे होती. ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटियरमध्ये त्याची एक दंतकथा दिली आहे. जयबाने वारली सरदाराकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदाराने होकार देताच त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी सारा गड वेढला! मुले खूप हसली. एक मुलगा मात्र म्हणाला, “पण त्या वारल्याची जमीन गेलीच ना!” तोही इतिहासच आहे.

जयबाचा मुलगा नेमशाह. त्याला 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. त्या वेळी दिल्लीच्या तख्तावर महंमद तुघलक होता. बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा मुलूख नेमशाहाच्या ताब्यात होता, असे गॅझेटियर सांगते. ‘शाह’ हा फारसी किताब घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने लावला. एवढेच नव्हे, तर 5 जून 1343 या दिवसापासून संस्थानने आपला स्वतंत्र शक मोजला. म्हणजे राजे मुसलमान नव्हते. पण त्यांच्या नावात दिल्लीचा शब्द होता आणि तो त्यांना परका वाटत नव्हता.

पुढे 1664 च्या सुरत स्वारीच्या वेळी शिवाजी महाराज आणि विक्रमशाह यांची भेट जव्हारजवळ शिरपामाळावर झाली, असे येथे सांगतात. आम्ही तेही स्थळ पाहिले.

दुपारी जयविलास राजवाड्यापाशी पोहोचलो. काजूच्या झाडीत उभी असलेली ती गुलाबी दगडाची देखणी वास्तू शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातली आहे. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. पुढे हेच यशवंतराव लोकसभेवर निवडून गेले. तख्त गेले, पण माणसे नव्या व्यवस्थेत उभी राहिली. मुलांनी घुमटाकडे बोटे दाखवून चित्रे काढली.

परतताना शाह सदरुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यात फातिहा पढला. जव्हारचा दसरा आणि या दर्ग्याचा उरूस ही गावाची दोन मोठी आकर्षणे आहेत.

पालकांना एकच विनंती. ‘आपला इतिहास’ आणि ‘त्यांचा इतिहास’ अशी वाटणी मुलांच्या मनात रुजण्याआधी त्यांना एकदा जव्हारला न्या. घरी आल्यावर त्या मुलीने वहीत लिहिले होते : “नावावरून माणूस ओळखू नये, त्याचा इतिहास विचारावा.” तिच्या प्रश्नाचे उत्तर तिलाच सापडले होते.