चौदावा नंबर आणि पानशेत

परवा ऑफिसात प्लॅनिंगची मीटिंग होती. नेहमीचंच दृश्य. भिंतीवर एक्सेल, त्यात एकवीस कामं, आणि प्रत्येकजण आपापलं काम वर सरकवायच्या प्रयत्नात. हल्ली आमच्याकडे भांडण मिटवायला एक सूत्र आलंय. हे काम महिनाभर लांबलं तर किती रुपयांचं नुकसान, हा आकडा काढायचा, त्याला कामाच्या आकाराने भागायचं, आणि उत्तर मोठं ते काम आधी. डोनाल्ड राइनर्ट्सन नावाच्या गृहस्थांनी २००९ च्या पुस्तकात हा 'उशिराच्या किमती'चा विचार नीट मांडला आणि तिथून तो सगळीकडे पसरला. पद्धत चांगलीच आहे. आधी ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी व्हायचं!

तर त्या यादीत एक ओळ होती, 'बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभा करून पाहणे'. ते काम माझ्या नावावर. महिनाभर लांबलं तर नुकसान किती? शून्य. ग्राहकाला दिसत नाही, कोणी मागितलेलं नाही. शून्य लिहायची लाज वाटली म्हणून मी एक लिहिला. चौदावा नंबर आला. पुढे चला.

संध्याकाळी नारायण पेठेत आजीकडे गेलो. तारीख होती १२ जुलै. त्या दिवशी आजीकडे पानशेतचा विषय निघतोच. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. लहानपणापासून ऐकून मला तिची गोष्ट पाठ आहे, पण या वेळी डोक्यात ते एक्सेल घेऊन ऐकत होतो, त्यामुळे जरा वेगळीच ऐकू आली.

मंडळी, आता थोडा इतिहास. खडकवासल्याचं दगडी धरण १८७९ चं, इंग्रजांच्या काळातलं. पुण्याला पिण्याचं पाणी आणि कालव्याखालच्या शेतीला पाणी तिथूनच. ते पुरेना म्हणून वरच्या अंगाला, आंबी नदीवर, पानशेतचं मातीचं धरण बांधायला घेतलं. मूळ बेतानुसार ते १९६२ मध्ये पूर्ण व्हायचं होतं. पण १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडवायचं ठरलं.

आपण या निर्णयाला पटकन 'घाई' म्हणून मोकळे होतो. मीही म्हणायचो. पण उशिराची किंमत लावून बघा. सॉफ्टवेअर एक आठवडा लांबलं तर एका आठवड्याचं नुकसान. धरणाचं तसं नसतं. पाऊस वर्षातून एकदाच येतो. जूनमध्ये अडवायची तयारी नसेल तर जुलैत तयार होऊन काही उपयोग नाही, पाणी थेट पुढच्या वर्षी. म्हणजे महिन्याभराच्या उशिराला किंमत अख्ख्या वर्षाची! त्या काळात, धान्याची ओढाताण असताना, एका वर्षाचं पाणी ही काही छोटी रक्कम नव्हती. हा हिशोब मांडायला मला बसवलं असतं तर मीही 'यंदाच अडवा' म्हणालो असतो.

घोळ दुसऱ्या ओळीत होता. धरणाच्या पोटातून पाणी सोडायला एक मोरी असते, तिला लोखंडी दारं. पाणी भरायला लागलं तेव्हा ही दारं पूर्ण वर उचलायची व्यवस्थाच झालेली नव्हती. दारं अर्धवट उघडी. त्यातून पाणी धक्के देत, आदळत बाहेर पडत होतं, आणि मोरीच्या काँक्रीटमध्ये सळ्या नव्हत्या. मोरी फुटली, तिच्यावरची माती खालून वाहून जाऊ लागली आणि धरणाचा माथा खचत गेला. लष्कराच्या जवानांनी ११ तारखेच्या रात्री भर पावसात वाळूची पोती रचून तो थोपवून धरला. धरण फुटलं ते १२ ला सकाळी. हेच रात्री अंधारात झालं असतं तर काय, याचा विचारही करवत नाही. पानशेतचा लोंढा खडकवासल्यावरून वाहू लागला आणि दुपारी तेही गेलं.

आजी सांगते, सकाळी लोक पूर बघायला नदीवर गेले होते. मुठेला दरवर्षी पूर यायचाच, त्यात काय! थोड्या वेळाने तेच लोक पळत परत आले. तिच्या वडिलांनी तिला आणि धाकट्या भावाला पुढे पर्वतीकडे पिटाळलं. तिसऱ्या दिवशी परतले तर वाड्याच्या दोन भिंती उभ्या, बाकी चिखल. शनिवार, नारायण, कसबा, नदीकाठच्या सगळ्या पेठांची हीच गत. हजारो घरं गेली. वर पुण्याला पाणी देणारं धरणच फुटल्यामुळे पुरानंतर प्यायला पाणी नाही, आडांवर रांगा. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या भागांत पुढे पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. दोन्ही धरणं पुन्हा बांधली, आणि आज पुणं त्याच पाण्यावर जगतंय.

मी आजीला आमच्या यादीबद्दल सांगितलं. दारं उचलायच्या यंत्रणेला तेव्हा कोणी नुकसानीचा आकडा विचारला असता तर उत्तर माझ्यासारखंच आलं असतं, जवळजवळ शून्य. कोरड्या धरणाला दारं कशाला? पण वरच्या ओळीतलं 'पाणी अडवणे' हे काम ज्या दिवशी एक वर्ष अलीकडे ओढलं, त्याच दिवशी दारांची किंमत शून्यावरून आभाळाला भिडली. ओळ तीच, आकडा बदलला. तो कोणी पुन्हा लावला नाही. आमचं सूत्र प्रत्येक ओळ सुटी धरतं, एक ओळ हलली की दुसरीची किंमत बदलते हे त्याला कळत नाही. ते माणसानेच बघायचं असतं. आणि आमची चूक आम्ही एखाद वेळेस रात्री बसून निस्तरू, पण भरत्या धरणाला 'जरा थांब' म्हणता येत नाही.

आजीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, पण तुमचं पाणी कधी भरणार आहे?"

दोन आठवड्यांनी. नवीन मोठ्या ग्राहकाचा सगळा डेटा आमच्याकडे येतोय. हे काम आधी पुढच्या तिमाहीत होतं, गेल्याच मीटिंगमध्ये अलीकडे ओढलंय.

रात्री घरी येऊन पुन्हा एक्सेल उघडलं. चौदाव्या ओळीचं काम दीड दिवसाचं आहे. सोमवारी अकराला मीटिंग आहे, तिथे बोलणार आहे. बघू.