कौशल्य-विस्मरण

शिकलेली कृती सराव सुटल्यावर मंदावणे, तिच्या पायऱ्या गळणे किंवा जुन्या सवयीमुळे तिच्यात चुका शिरणे, याला कौशल्य-विस्मरण म्हणता येईल. पाठ केलेले विसरणे आणि हातात बसलेले विसरणे यांत मोठा फरक आहे.

विस्मरणाचे पहिले पद्धतशीर मोजमाप जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) यांनी केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या ते स्वतः पाठ करीत आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे पाहत. १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या नोंदींनुसार वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि ३१ दिवसांनी २१ टक्के श्रम वाचत. गळती सुरुवातीलाच जोरात होते, पुढे संथ पडते. यादी साफ विसरली असे वाटले तरी दुसऱ्यांदा ती लवकर पाठ होते. खंड पडल्यावर हताश होणाऱ्या प्रत्येक शिकणाऱ्याला हे सांगायला हवे.

सायकल चालवणे, पोहणे अशी अखंड हालचालींची कौशल्ये वर्षानुवर्षे टिकतात. ठरावीक क्रमाच्या सुट्या पायऱ्या मात्र लवकर निसटतात. हृदय थांबलेल्या माणसाला सीपीआर देण्याचे कौशल्य प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांतच ढिले पडू लागते.

हाताची स्मृती वेगळी असते याचा ठळक पुरावा हेन्री मोलेसन यांच्याकडून मिळाला. अपस्मारासाठी १९५३ साली झालेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या लक्षात नवे काही राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांच्या चुका खूप कमी झाल्या. मात्र हे काम आपण आधी केले आहे, हे त्यांना आठवत नसे.

जुने कौशल्य पक्के असले की नवे शिकताना तेच आडवे येते. मराठी टंकलेखनात हे स्पष्ट दिसते. रेमिंग्टन पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी कागदावर दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टंकतात. इनस्क्रिप्टमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. रेमिंग्टनवर बोटे बसलेली व्यक्ती इनस्क्रिप्टवर ‘कविता’ टंकू लागली, की बोटे जुन्या क्रमाने चालतात आणि पडद्यावर ‘किवता’ उमटते. नियम ठाऊक असतो, शब्दही ठाऊक असतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० साली ‘ह्यूमन एरर’ या ग्रंथात कृती घसरणे, पायरी विसरणे आणि मुळात योजनाच चुकणे असे भेद केले. ‘किवता’ पहिल्या प्रकारात मोडते. अशा चुका नवशिक्यापेक्षा सराईताच्या हातून अधिक संभवतात, कारण त्याचे हात लक्ष न देताही चालतात. त्याला नियम पुन्हा समजावून उपयोग नाही. थोडा वेळ वेग उतरवून लक्षपूर्वक सराव करायला लावणे हाच उपाय.

सराव कसा वाटून घ्यावा, याबाबत ॲलन बॅडली आणि डी. जे. ए. लाँगमन यांचा १९७८ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यांनी ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवले. रोज एक तास शिकणाऱ्यांना कळफलक आत्मसात करायला सुमारे ३५ तास लागले. रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांना सुमारे ५०. तरीही सर्वांत कमी समाधानी होता तो एक तासवाला गटच, कारण दिवसांच्या हिशेबात तो मागे होता. सराव अंतराने केला की दोन बैठकांच्या मधल्या काळात थोडे विसरते, ते आठवून काढावे लागते आणि या खटपटीनेच स्मरण पक्के होते. म्हणून सरावात सफाई आली एवढ्यावरून कौशल्य टिकेल असे धरू नये. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकलेले शिकणे परीक्षेपुरते पुरते, नोकरीत पुरत नाही.

चूक करून शिकण्यालाही एक अट आहे: चूक झाली हे कळले पाहिजे आणि दुरुस्ती लक्षात राहिली पाहिजे. तीव्र स्मृतिभ्रंश झालेल्यांत ही अट पुरी होत नाही. त्यांची चुकीची कृतीच पक्की होत जाते. बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ साली दाखवले, की अशा रुग्णांना अंदाज करू न देता प्रत्येक वेळी बरोबर उत्तर आधीच पुरवले तर ते अधिक शिकतात. स्मृती गमावलेल्यांच्या पुनर्वसनात ही पद्धत आता वापरली जाते.