सायकलीचा कालनिर्णय

नाशिकच्या जुन्या वाड्यांतून एखादी सायकल मोडीत निघाली, तर पोथ्यांचा संग्राहक तिच्याकडे वळूनही पाहत नाही. ही उपेक्षा आम्हांस उचित वाटत नाही. स्टर्मी-आर्चर हा तीन गतींचा गिअर १९०२ सालचा. त्याच्या पुढील काळातील हबांवर उत्पादनाचे वर्ष व महिना ठोकलेले आढळतात. ‘५२ ३’ म्हणजे मार्च १९५२. परंतु चाक बदलता येते. जुन्या पोथीस नवी बांधणी असावी तसाच हा प्रकार. त्यावरून मूळ सांगाड्याचा काळ ठरवू नये. पोशाख तर याहून दुबळा पुरावा, कारण जुन्या धर्तीची लोकरी जर्सी आजही विणली जाते. १९२३ साली मुंबईहून सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या पारशी तरुणांच्या वेषास त्यांच्या १९३१ च्या प्रवासवृत्ताचा आधार तरी आहे. वाड्यातील निनावी छायाचित्रास तोही नसतो. सांगाड्यावरील क्रमांक, खरेदीची पावती व छायाचित्र ही तिन्ही सायकल भंगारात जाण्यापूर्वी एकत्र नोंदवावीत.