बिदरच्या दरवाज्यांतील परका

मध्ययुगीन दक्षिणेंतील मोठ्या शहरांचीं परकी प्रवाशांनीं केलेलीं वर्णनें आपण आवडीनें वाचतों. पण तो प्रवासी तेथें कोणत्या नात्यानें आला होता, हें पाहण्याची तसदी सहसा घेत नाहीं. विजयनगरचें वैभव सांगणारा अब्दुर्रझाक १४४३ मध्यें आला तो शहारुखाचा वकील म्हणून. दिल्लीचें बारकाईनें वर्णन करणारा बर्निअर दानिशमंदखानाच्या पदरीं होता. अशांना शहर दाखविलें जातें. ज्याला दाखविणारा कोणी नाहीं, ज्याच्या पाठीशीं राजाचें पत्र नाहीं व गांठीं पैसाहि बेताचा आहे, अशा एकट्या माणसाला राजधानी कशी दिसते? या प्रश्नाचें उत्तर द्यावयास पंधराव्या शतकांतील एक रशियन व्यापारी पुढें येतो. त्याचें नांव अफानासी निकितिन.

त्वेर गांवाहून व्होल्गा नदीच्या मार्गानें हा निघाला तेव्हां सोबत मंडळी होती. अस्त्राखानजवळ लुटारूंनीं त्यांना नागविलें. ज्यांचें घरीं कांहीं होतें ते परतले. ज्यांच्या डोक्यावर देणें होतें ते वाट फुटेल तिकडे गेले, असें तो स्वतःच लिहितो. इराण ओलांडून तो होर्मुझला पोंचला आणि तेथून एक घोडा घेऊन, बहुतेकांच्या मतें १४६९ च्या सुमारास, चौल बंदरीं उतरला. दक्षिणेंत घोड्यांची पैदास चांगली होत नसे व सुलतानांच्या फौजांना तर घोड्यांची नित्य गरज. तेव्हां एवढ्या एका जनावरावर त्याची सारी आशा होती. वास्को-द-गामा कालिकतला येण्यास अद्याप सुमारें तीस वर्षांचा अवकाश होता. चौलच्या लोकांनीं हा गोरा माणूस पाहिला आणि त्याच्या मागें गर्दी केली. तो शहर पाहावयास आला, तों शहरच त्याला पाहूं लागलें !

पावसाळ्यांत तो जुन्नरास राहिला. रात्रंदिवस पाऊस आणि चिखल. कातळावरच्या त्या गडाला वर जाण्याची वाट एवढी अरुंद, कीं एका वेळीं एकच माणूस चढूं शकतो, असें त्यानें नमूद केलें आहे. शिवनेरीच्या पायथ्याशीं उभ्या राहिलेल्या मराठी वाचकास तें वर्णन परकें वाटणार नाहीं. घोड्यांना हरभरे व साखर-तूप घातलेली खिचडी चारतात, हेंहि त्यानें टिपलें आहे. पंधराव्या शतकांतील रशियन बाडांत ‘खिचडी’ हा शब्द भेटला म्हणजे कोणाहि महाराष्ट्रीय माणसाला मौज वाटेल.

याच जुन्नरास तेथील अधिकारी असदखान यानें त्याचा घोडा हिरावून घेतला. तूं इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत देतों आणि वर एक हजार सुवर्णनाणीं देतों. न स्वीकारलास तर घोडा गेला व तुझ्याकडून हजार नाणीं घेईन, अशी अट घालून त्यानें चार दिवसांची मुदत दिली. एका खोरासानी गृहस्थानें रदबदली केली म्हणून निकितिन सुटला. सुटका करणारा गृहस्थहि मुसलमानच होता, हें विसरतां कामा नये.

मग महिन्याच्या वाटचालीनंतर तो बिदरला आला. ही बहामनी राज्याची राजधानी. येथील त्याची टिपणें वाचतांना दोन प्रकारचीं वाक्यें निरनिराळीं काढावीं लागतात. सुलतान वीस वर्षांचा आहे, असें तो लिहितो. वस्तुतः मुहंमदशहा तिसरा १४६३ मध्यें बालवयांत गादीवर आला होता, तेव्हां त्या वेळीं त्याला विसावें लागलें नसावें. मलिक-उत्-तुज्जार म्हणजे महमूद गावान याच्या दोन लक्ष फौजेचा आंकडाहि बाजारांतल्या बातमीपलीकडचा नाहीं. चोंचीतून आग टाकणारा पक्षी आणि सैन्य बाळगणारा वानरांचा राजा हीं तर उघड ऐकींव प्रकरणें. आमच्या कांहीं इतिहासलेखकांनीं फौजेचे हे आंकडे भक्तिभावानें उतरून घेतले आणि पक्ष्याला मात्र हंसून सोडून दिलें. दोहोंचा उगम एकच, ही गोष्ट त्यांच्या लक्षांत आली नाहीं.

परंतु जें त्यानें स्वतः उभें राहून पाहिलें, त्याची किंमत निराळी आहे. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे. त्यांत शंभर पहारेकरी व शंभर हिंदु लेखक बसतात. कांहीं आंत जाणाऱ्यांचीं नांवें लिहितात, कांहीं बाहेर पडणाऱ्यांचीं. परक्याला आंत प्रवेश नाहीं. हें दरबारांत मानानें नेलेल्या वकिलास कशाला दिसेल? तें दिसलें दारांत अडलेल्या माणसाला. बहामनी राज्यांतील हिंदु कारकूनवर्गाविषयीं लिहिणाऱ्यांनीं हें वाक्य जपून ठेवण्याजोगें आहे.

त्याहून मोलाचें त्याचें दुसरें निरीक्षण. देशांत माणसें पुष्कळ; खेड्यापाड्यांतील लोक अत्यंत दरिद्री, आणि उमराव मात्र बलाढ्य व विलासी. उमराव रुपेरी पालखींत बसतो. पुढें सोन्याच्या साजाचे वीस घोडे, मागें तीनशें स्वार, पांचशें पायदळ, मशालजी, वाजंत्री. चौलहून बिदरपर्यंतची वाट या माणसानें खेड्यांतून काढली होती. म्हणून पालखी पाहतांना त्याला वाटेंतलीं झोपडीं आठवलीं. बखरकारांना व फारसी तवारीखकारांना हीं झोपडीं दिसत नाहींत.

आपल्या मालाच्या दृष्टीनें तो निराश झाला. येथें रशियाच्या कामाचें पुष्कळ कांहीं मिळेल, असें सांगणाऱ्यांनीं आपल्याला फसविलें, असें तो रागानें लिहितो. वर्षभर पोसलेला घोडा अखेर त्यानें नाताळच्या सुमारास विकला.

बिदरांत तो खोजा यूसुफ खोरासानी या नांवानें वावरत असे. पुढें पुष्कळ हिंदूंशीं परिचय झाल्यावर त्यानें सांगून टाकलें कीं, मी मुसलमान नव्हे, ख्रिस्ती आहें, माझें नांव अफानासी. त्या दिवसापासून त्या लोकांनीं आपलें जेवणखाण, व्यापार, पूजाअर्चा, बायकामाणसें, कांहींहि त्याच्यापासून लपविलें नाहीं. सुलतानाच्या सातांपैकीं एकहि दरवाजा उघडला नव्हता. पण हीं सामान्य घरें उघडलीं. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलाच्या यात्रेलाहि गेला. आणि तरीहि एकटेपण सरलें नाहीं. लुटींत धर्मग्रंथ गेले होते, त्यामुळें ईस्टर केव्हां येतें हें त्याला कळेना. उपास तो अदमासानें करी, आणि मधूनमधून अरबी, फारसी, तुर्की शब्दांची सरमिसळ करून देवाची करुणा भाकी.

त्वेरला तो पोंचला नाहीं. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याचीं टिपणें व्यापाऱ्यांनीं मॉस्कोला आणून ग्रँड ड्यूकच्या एका लेखनिकास दिलीं आणि तीं तेथील बखरींत १४७५ सालाखालीं दाखल झालीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कारामझिन या इतिहासकारास तीं एका मठाच्या ग्रंथसंग्रहांत सांपडलीं, तोंवर त्यांच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें.