न्यायमूर्ती सुजाता मनोहर

मुंबई उच्च न्यायालयाला पहिली महिला न्यायाधीश मिळाली १९७८ साली, सुजाता मनोहर. १९९४ मध्ये त्या तिथल्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

१९९२ मध्ये राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या एका साथीनवर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्याचा निकाल १३ ऑगस्ट १९९७ ला लागला. तीन न्यायमूर्तींत मनोहर एकट्या बाई. कामाच्या जागी तक्रार समिती हवीच, हे तेव्हा ठरलं. २०१३ मध्ये कायदा आला.

आमच्या गटांतल्या कितीतरी जणी पनवेलमध्ये घरकामाला जातात. कायदा त्यांनाही लागू आहे. त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत द्यायची. लिहिता येत नसेल तर गटात या, आम्ही लिहून देऊ.