तातीचा पदर

आतड्याच्या भिंतीला चार पदर असतात: आत श्लेष्मल त्वचा, तिच्याखाली चिवट तंतूंचा उपश्लेष्मल पदर, मग स्नायू आणि सर्वांत बाहेर पातळ आवरण. ही रचना सूक्ष्मदर्शकाने उघड केली, असे आपण शाळेपासून धरून चालतो. मला ते पटत नाही. सूक्ष्मदर्शकाने पेशी दाखवल्या. पदर मात्र आतडी खरवडणाऱ्या हातांना आधीपासून ठाऊक होते. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात असो की व्हायोलिनची तार, काम तेच. आतडे भिजत घालायचे, आतला बुळबुळीत थर आणि बाहेरचे मांस बोथट पात्याने खरवडायचे आणि उरलेली पांढुरकी पट्टी ओली असतानाच पीळ देऊन ताणून वाळवायची. हा उरलेला भाग म्हणजे मुख्यतः उपश्लेष्मल पदर.

पॅरिसच्या शरीरशास्त्रज्ञ झाव्हिए बिशाने 1801 च्या ग्रंथात शरीराच्या 21 ऊती सांगितल्या, त्याही सूक्ष्मदर्शकाला हात न लावता. भिजवणे, शिजवणे, वाळवणे, कुजवणे, आम्लात बुडवणे ही त्याची साधने. तो हे कारागिरांकडून शिकला, असा माझा दावा नाही. पण कुजताना कोणता पदर आधी सुटतो, यावर त्यांचा सारा धंदा चाले. त्याची दुर्गंधी इतकी की 1820 च्या सुमारास पॅरिसमधल्या एका उद्योगसंस्थेने आतडी न कुजवता पदर सोडवण्याच्या युक्तीसाठी बक्षीस लावले. ते लाबाराक या औषधविक्रेत्याने क्लोरिनयुक्त द्रावण वापरून मिळवले आणि 1822 मध्ये या धंद्यावर पुस्तकही लिहिले. तेच द्रावण पुढे इस्पितळांत जंतुनाशक म्हणून पोहोचले.

कोणी म्हणेल, आतड्याची आवरणे प्राचीन वैद्य गेलेननेही सांगितली होती. खरे आहे, पण मधल्या चिवट पदराला शरीरशास्त्रज्ञ दीर्घकाळ ‘मज्जामय आवरण’ म्हणत राहिले. तारा वळणाऱ्याची अशी फसगत होणे अवघड. (1857 मध्ये शरीरशास्त्रज्ञ माइस्नरला याच पदरात मज्जातंतूंचे जाळे सापडले, हा भाग निराळा.) दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पदर वेगळा करता येणे म्हणजे त्याचे कार्य कळणे नव्हे. ग्रंथी, स्राव, शोषण यांतले कारागिराला काहीच माहीत नव्हते, हे मान्य. पण आतड्याचे बळ कुठे आहे, हे त्याला नेमके माहीत होते. शल्यविशारद हॅल्स्टेडने कुत्र्यांवर प्रयोग करून 1887 मध्ये लिहिले, की आतड्याला घातलेला टाका उपश्लेष्मल पदर पकडेल तरच टिकतो. शस्त्रक्रियेतला कॅटगट धागाही मेंढीच्या आतड्यातल्या त्याच पदरापासून वळला जाई.