बॅक्युला म्हणजे काय? रात्री येऊन बॅकअप घेणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर

घरच्या एका लॅपटॉपचा बॅकअप घ्यायचा तर बाहेरची हार्ड डिस्क पुरते. पण कार्यालयात पन्नास संगणक आणि चार सर्व्हर असतील, तर रोज रात्री डिस्क घेऊन कोण फिरणार? हे काम नेटवर्कवरून, ठरल्या वेळी, समोर कोणी नसताना करणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी बॅक्युला हे एक जुने नाव. केर्न सिबाल्ड यांनी २००० मध्ये त्याचे काम सुरू केले आणि २००२ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. बॅकअप आणि ड्रॅक्युला मिळून हे नाव झाले. रात्री यायचे आणि संगणकातले सत्त्व शोषून न्यायचे, अशी त्यामागची गंमत! पुढे याच्याच कोडमधून बॅरिऑस हा वेगळा प्रकल्प निघाला.

बॅक्युला हा एकच प्रोग्राम नाही. डिरेक्टर हा त्यातला मुकादम. कोणाचा बॅकअप कधी घ्यायचा, हे तो ठरवतो. प्रत्येक संगणकावर फाइल डेमन असतो, तो फाइली वाचून पाठवतो. स्टोरेज डेमन त्या डिस्कवर किंवा टेपवर लिहितो. डेटा डिरेक्टरमधून जात नाही, तो फाइल डेमनकडून थेट स्टोरेज डेमनकडे जातो. कोणती फाइल कुठल्या टेपवर आहे याची नोंद कॅटलॉगमध्ये, म्हणजे मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये राहते.

सोबत मिळणाऱ्या नमुना वेळापत्रकात महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण बॅकअप असतो. बाकीच्या रविवारी डिफरन्शियल, म्हणजे शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेले सगळे. सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल, म्हणजे आदल्या बॅकअपनंतर बदललेले तेवढेच. वेळ रात्री ११ वाजून ५ मिनिटे. समजा, तिसऱ्या रविवारनंतरच्या गुरुवारी सकाळी सर्व्हर बंद पडला. तर पहिल्या रविवारचा पूर्ण, तिसऱ्या रविवारचा डिफरन्शियल आणि सोम-मंगळ-बुधचे तीन असे पाच बॅकअप लागतात. ही जुळवाजुळव बॅक्युला कॅटलॉग पाहून स्वतः करते.

इथे एक खाच आहे. फाइल बदलली की नाही, हे एरवी तारखेवरून ओळखले जाते. त्यामुळे जुन्या तारखेची फाइल दुसरीकडून आणून ठेवली, तर ती इन्क्रिमेंटलमधून सुटू शकते. उलट, मधल्या काळात पुसलेली फाइल रिस्टोअर करताना परत उगवते. ‘ॲक्युरेट’ हा पर्याय चालू केला की दोन्ही टळते, पण मेमरी आणि वेळ जास्त लागतो. मोजक्या महत्त्वाच्या सर्व्हरसाठी तरी तो चालू ठेवलेला बरा.

बॅकअप चालू आहे असे वाटणे आणि तो असणे, यातला फरक गिटलॅबने ३१ जानेवारी २०१७ रोजी अनुभवला. (तिथे बॅक्युला नव्हते, पण धडा तोच.) एका अभियंत्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेसच्या फाइली पुसल्या गेल्या. रोजच्या प्रती शोधल्या, तर त्या तयारच होत नव्हत्या. प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता आणि डेटाबेस नव्या. चूक कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुदैवाने सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाती लागली. मधल्या सहा तासांतले मात्र गेले. हा सगळा तपशील कंपनीने स्वतःच जाहीर केला.

म्हणून बॅक्युला चालवणारे जाणते लोक महिन्यातून एकदा तरी एखादा फोल्डर खरोखर रिस्टोअर करून, उघडून पाहतात. शिवाय कॅटलॉगचाही बॅकअप लागतो. नमुना वेळापत्रकात तो रोज रात्री ११ वाजून १० मिनिटांनी ठेवलेला असतो, पण पुष्कळदा तो त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर पडून राहतो. ती डिस्क गेली, की वहीही गेली आणि वहीची नक्कलही. तशा वेळी बीएक्स्ट्रॅक्ट नावाचे साधन कॅटलॉगशिवाय थेट टेपवरून फाइली काढते आणि बीस्कॅन टेप वाचून कॅटलॉग नव्याने भरते. मोठ्या साठ्यावर हे काम अतिशय वेळखाऊ असते.